उमाठे वहिनींची कमान

उमाठे वहिनींचे मी आधी पाय पाहिले. लग्न होऊन भिलाईला आल्याला आठवडासुद्धा झाला नव्हता. आमचं क्वार्टर सेक्टर सहामध्ये गल्लीच्या टोकाला होतं. समोरच्या क्वार्टरच्या अंगणात कडुनिंबाखाली एक जुनी पांढरी अँबॅसिडर उभी असायची. त्या दिवशी सकाळी तिची मागची बाजू लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती आणि खालून दोन पाय बाहेर आलेले होते. पायांना टाचेपर्यंत काळं लागलेलं, आणि बोटांत चांदीची जोडवी. मी कुंपणाशी थबकले. कुणी बाई गाडीखाली सापडली की काय, असंच वाटलं मला. तेवढ्यात खालून आवाज आला.

"कोन आहे? नुसती उभी कावून राह्यली? तो सतराचा पाना दे इकडं."

मी दिला. तो सतराचा नव्हता. पुन्हा हात बाहेर आला, पाना परत करून तसाच उघडा राहिला. दुसरा दिला, तो चालला. थोड्या वेळाने बाई सरपटत बाहेर आल्या. अंगात नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, त्याखाली त्याचीच पँट दोरीने आवळलेली, केसांना रुमाल. कपाळावर मात्र ठसठशीत कुंकू. त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "समोरची नवी सूनबाई ना तू? माहेर कुठचं?" मी लाखनी म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे आमच्याच रस्त्यावरची. जा, आत जाऊन च्या ठेव. माहे हात भरले आहेत. साखर डावीकडं."

अशा रीतीने सासरच्या स्वयंपाकघरात नीट रुळायच्या आधी मी उमाठे वहिनींच्या स्वयंपाकघरात चहा केला. तिथे ओट्यावर इडलीपात्राचे साचे मांडलेले होते आणि त्यांच्या खळग्यांत नटबोल्ट ठेवलेले होते. डाव्या चाकाचे एका साच्यात, उजव्या चाकाचे दुसऱ्यात. ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने. इडलीसाठी वहिनींकडे दुसरं पात्र होतं. त्यांनी ते लगेच दाखवलंही, कारण मी त्या खळग्यांकडे कशी पाहतेय हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

वहिनी ठेंगण्या होत्या. गाडी चालवताना खाली उशी घेऊन बसत. हॉर्न त्या जवळजवळ कधीच वाजवत नसत. हॉर्न वाजवणं म्हणजे आपल्या ब्रेकवर आपला विश्वास नाही हे गावाला सांगणं, असं त्यांचं मत होतं. मतं पुष्कळच होती आणि ती विचारल्याशिवाय मिळत. पण सगळ्यांच्या वरचं, दिवसातून एकदा तरी ऐकू यायचं ते वाक्य म्हणजे, "आधी हात लावून पाह्य, मंग घाबर." प्रेशर कुकर, बँकेतला खिडकीपलीकडचा माणूस, माझ्या सासूबाई, सगळ्यांना हे एकच वाक्य लागू होतं. मी सायकल शिकले ती याच वाक्यावर, आणि त्याच वाक्यावर पडलेसुद्धा.

त्यांची एक खोड मात्र अवघड होती. कुठलीही गाडी उभी दिसली की त्या जाता जाता तिच्या डिकीवर हाताने दाब देत आणि ती किती वेळा खाली-वर होते ते पाहत. एकदा एका लग्नात त्यांनी स्टील प्लांटच्या एका बड्या साहेबांच्या गाडीवर हात ठेवला. जरीचं पातळ, अंबाड्यावर गजरा, आणि दोन्ही हातांनी डिकी दाबताहेत. ड्रायव्हर धावत आला. "मॅडम, ये साहब की गाडी है." वहिनी शांतपणे म्हणाल्या, "साहब की है, पर शॉकअप किसी काम के नहीं हैं. उनको बोलना." मी त्यांना ओढून मांडवात नेलं. त्यांना मात्र शेवटपर्यंत कळलं नाही की मी एवढी का लाजले.

हे सगळं सुरू झालं उमाठे साहेबांच्या पाठीपासून.

साहेब प्लांटच्या हिशेब विभागात अधिकारी होते. उंच, सावळे, हळू बोलणारे. मी त्यांना पाहिलं तेव्हा त्यांच्या मणक्याचं दुखणं जुनं झालं होतं. चालायचे ते काठीने, अंगणातल्या अंगणात. बसणं थोडा वेळच जमे. ऑफिसने त्यांना सवलतीच्या वेळा दिल्या होत्या, पण तिथवर जायचं कसं हा प्रश्न होता. सायकल गेली, स्कूटर गेली, सायकलरिक्षात बसणं अशक्य. मग एका निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याकडून ही अँबॅसिडर घेतली आणि वहिनी गाडी शिकल्या. साहेब मागच्या सीटवर उशांमध्ये अर्धवट आडवे होत आणि वहिनी पुढे उशीवर.

पण गाडी जुनी होती. मागच्या कमानी, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा, बसलेल्या. प्रत्येक खड्ड्याचा हिशेब साहेबांच्या मणक्यात जमा होई. वहिनी गॅरेजमध्ये गेल्या की मिस्त्री आदराने खुर्ची देत आणि सांगत, साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो. साहेब येऊ शकले असते तर गाडीच घेतली नसती, हे किती जणांना सांगायचं? शिवाय गाडी दोन दिवस गॅरेजात म्हणजे साहेबांचं ऑफिस दोन दिवस बंद. शेवटी एका रविवारी वहिनींनी जॅक लावला, ठोकळे सरकवले, गाडीखाली जुनं लुगडं अंथरलं आणि आत शिरल्या. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच उघडलं नाही. नुसतं पाहिलं, असं त्या सांगत. पुढच्या रविवारी उघडलं.

गाडी चालवताना त्यांनी आरसा असा फिरवून ठेवला होता की मागचा रस्ता दिसायचा नाही, साहेबांचं तोंड दिसायचं. मागून ट्रक येतोय हे त्या आवाजावरून ओळखत. आणि साहेबांनीही एक विद्या कमावली होती. दुखलं की ते नुसते कण्हत नसत, नीट सांगत. डाव्या बाजूचं लागलं. खाली जाताना नाही, वर येताना. किंवा, आज धक्का एकच होता पण त्याच्यामागून थरथर आली. वहिनी ते डोक्यात ठेवून रविवारी गाडीखाली जात. एकदा साहेब मला म्हणाले, "लता, मी हिचा मीटर आहे. फरक इतकाच का या मीटरले च्या लागते."

गल्लीत बोलणारे बोलतच होते. नवरा आजारी आणि बायकोला गाडीखाली लोळायची हौस, असं एक म्हणणं होतं. हळदीकुंकवाला वहिनींच्या नखांतलं काळं कधी पुरतं निघत नसे. बेसन, लिंबाची साल, सगळं करून झालेलं असे. एका अधिकाऱ्याच्या बायकोने कुंकू लावून घेताना कपाळ किंचित मागे घेतलं. वहिनी म्हणाल्या, "ग्रीस आहे. भेऊ नका, लागत नाही." आणि तिच्या कपाळावर व्यवस्थित, गोल कुंकू लावलं. ती बाई पुढे म्हणाली की साहेबांनी एखादा ड्रायव्हर ठेवायला हवा, लोक काय म्हणतील. त्यावर वहिनींनी इतकंच सांगितलं की ड्रायव्हर रस्ता पाहील, यांच्याकडे कोण पाहील.

पण त्यांचा हा आत्मविश्वास एकदा फार महागात पडला.

पावसाळा संपल्यावर गाडी मागून जास्तच बसलेली दिसायला लागली. पॉवर हाऊस भागातल्या बाजारामागे बिसाहू नावाचा छत्तीसगढी लोहार ट्रकच्या कमानी करायचा. वहिनींचं त्याच्याशी चांगलं जमायचं. त्या कमानी स्वतः काढून डिकीत घालून त्याच्याकडे नेत, तो पाटे तापवून त्यांना पुन्हा बाक देई. गाडीची कमान म्हणजे एकावर एक ठेवलेल्या लांब-आखूड पोलादी पाट्यांची जुडी. वहिनींना वाटलं, एक पाटा जास्त घातला की काम कायमचं होईल. बिसाहू वहिनींना आई या अर्थाने दाई म्हणायचा. तो म्हणाला, "दाई, जैसा बोलो." पाटा घातला गेला. गाडी छान उंच दिसू लागली. वहिनी लांब उभं राहून तिच्याकडे पाहत होत्या, नव्या लुगड्याकडे पाहावं तशा.

दुसऱ्या दिवशी रेल्वे फाटक ओलांडताना गाडी रुळांवरून बैलगाडीसारखी आदळली. साहेबांच्या तोंडून जो आवाज निघाला तो फाटकावरच्या माणसालाही ऐकू गेला असं नंतर कळलं. त्यांना घरी आणून खाटेवर निजवलं, आणि ते कित्येक दिवस उठलेच नाहीत. डॉक्टर येत, इंजेक्शन देत. वहिनी सगळं करायच्या, जेवण भरवणं, शेकणं, कूस बदलणं, पण बोलणं बंद. गाडी कडुनिंबाखाली तशीच उंच उभी. तिच्यावर पानं पडायची, वहिनी तिकडे पाहायच्याही नाहीत. किल्ली त्यांनी माझ्याकडे आणून दिली. "तुह्याकडं ठेव," म्हणाल्या. कशाला ते मी विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून विचारवलं नाही.

एक दिवस मी साहेबांसाठी मुगाची खिचडी घेऊन गेले होते. वहिनी खाटेच्या पायथ्याशी भाजी निवडत होत्या. साहेब छताकडे पाहत पडले होते. मान न वळवता ते म्हणाले, "गाडी खोलली का?"

वहिनी मेथी निवडत राहिल्या.

"कावून नाही खोलली? मले अजून सांगायचं आहे ना कुठं लागलं ते."

वहिनींच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. साहेब आपल्या संथ आवाजात सांगू लागले. धक्का बसला तो वर फेकल्यासारखा. कमान दबलीच नाही. आधी निदान ती दबायची, करकरत का होईना. आता लाकडावर बसल्यासारखं झालं होतं. आणि आधीही तिचा त्रास होता तो ती खाली बसली म्हणून नव्हे. ती अडकत अडकत हलायची म्हणून. "मऊ नाही होत ते जास्तीच्या लोखंडानं," ते म्हणाले. "ते सरकत नाही, असं मले वाटते. तू पाह्य."

वहिनी उठल्या, पदराने डोळे पुसले आणि माझ्यापुढे हात केला. मी घरून किल्ली आणून दिली.

त्यानंतरचा तो रविवार मला चांगला आठवतो, कारण मीही दिवसभर तिथेच होते. वहिनींनी दोन्ही कमानी उतरवल्या. पाट्यांची जुडी मधल्या बोल्टने बांधलेली असते. तो नुसता सोडला तर पाटे उसळून हात फोडतात. त्यांनी सुताराचा शिकंजा आवळला, मग बोल्ट काढला आणि शिकंजा हळूहळू सैल केला. पाटे एकमेकांपासून सुटले तेव्हा मधून गंजाची लाल पूड अंगणात सांडली. कित्येक वर्षांचा गंज. पाटे एकमेकांवरून सरकायचे, तर ते एकमेकांना चिकटून बसले होते. साहेबांनी खाटेवर पडल्यापडल्या बरोबर सांगितलं होतं. वहिनी आत गेल्या, एक पाटा दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. साहेबांनी त्यावर बोट फिरवलं, लाल झालेलं बोट पाहिलं आणि हसले.

जास्तीचा पाटा निघाला. बाकीचे एकेक करून कानशीने, मग पॉलिशच्या कागदाने घासले गेले. मीही घासले, माझी नखं त्या दिवशी वहिनींसारखी झाली आणि सासूबाईंनी मला दोन दिवस पोळ्यांना हात लावू दिला नाही. बिसाहूने पाट्यांना हलका बाक दिला. वहिनींनी प्रत्येकावर काळं ग्रीस लावलं, टोकांचे रबरी बुश नवे बसवले. गाडी खाली आली तेव्हा वहिनींनी डिकीवर दाब दिला. ती मऊ खाली गेली, वर आली आणि थांबली. तरी त्यांनी साहेबांना लगेच गाडीत बसवलं नाही. आठवडाभर त्या एकट्याच ती गाडी सगळ्या वाईट रस्त्यांवरून फिरवत होत्या, मागच्या सीटवर तांदळाचं पोतं ठेवून, आणि पोत्यावर पाण्याचा भरलेला तांब्या बांधून. तांब्यातलं पाणी सांडायचं कमी झालं तेव्हाच साहेब गाडीत बसले.

त्याच हिवाळ्यात साहेबांचा चुलतभाऊ गावाहून आला. साहेबांचं गाव साकोलीच्या आत, फाट्यापासून कच्च्या रस्त्याने. वडील गावच्या शाळेचे जुने मास्तर, खूप थकलेले, घराबाहेर पडणं बंद. साहेबांचं दुखणं वाढल्यापासून बापलेकांची भेट नव्हती. मुलाला जाता येईना, बापाला येता येईना. भाऊ म्हणाला, मास्तर रोज संध्याकाळी विचारतात, मोठा आला का.

डॉक्टरांनी प्रवासाला साफ नकार दिला. ऑफिसातल्या मित्रांनी सुचवलं, आगगाडीने जाऊ, दुर्गला चौघं जण उचलून डब्यात चढवू, गोंदियाला उतरवू, पुढे जीप करू. साहेब इतरांपुढे कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. "मी काही पोतं नोहो. मी बापाच्या दारात चौघांच्या खांद्यावर नाही जाणार."

वहिनी चहाचे कप गोळा करत होत्या. त्यांनी विचारलं, "मी नेलं तर?"

"तू नेशील तर येतो," साहेब म्हणाले.

मला माहेरी सोडायचं निमित्त करून त्यांनी मलाही गाडीत घेतलं. पहाटेचं धुकं विरल्यावर निघालो. वहिनी त्या रस्त्यावर कशा चालवत होत्या ते सांगणं कठीण आहे. खड्डा त्यांना माझ्याआधी दिसायचा, मग गाडी आपोआप मंद व्हायची, एका बाजूने अलगद उतरायची आणि चढायची. राजनांदगाव मागे पडल्यावर एका ढाब्याशी त्यांनी गाडी थांबवली, जुनं लुगडं अंथरलं आणि खाली शिरल्या. नवीन बसवलेले नट थोडं अंतर चालल्यावर सैल पडतात, ते पुन्हा आवळायचे होते. ट्रकवाले चहाचे ग्लास घेऊन गोळा झाले. ढाबेवाल्याने वाकून विचारलं, "क्या हो गया बहनजी?"

"कुछ नहीं हुआ," आतून उत्तर आलं. "इसीलिए तो देख रही हूँ."

बाघनदीचा पूल ओलांडला आणि साहेब म्हणाले, "महाराष्ट्र आला. धक्के मराठीत बसून राहिले." वहिनी इतक्या हसल्या की त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली. देवरीच्या घाटात मात्र साहेब गप्प झाले, कपाळावर घाम आला. वहिनींनी आरशात पाहिलं, थांबल्या, त्यांना सीटवर सरळ आडवं केलं, आणि आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला मोहाच्या झाडाखाली बसून राहिलो. कुणी घाई केली नाही. खूप वेळाने साहेबांनीच आतून सांगितलं, "चाला आता."

गावात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. धानाची मळणी चालली होती, सगळीकडे तणसाचा वास. ओसरीवर खाटेवर एक अगदी वाळलेले म्हातारे बसले होते. साहेब गाडीतून उतरले. एक हात काठीवर, दुसरा वहिनींच्या खांद्यावर. ते अंतर फार नव्हतं, पण ते चालले ते मी अजून विसरले नाही. कुणी मदतीला पुढे झालं की वहिनी नुसत्या नजरेने त्याला थांबवत होत्या. ओसरीची पायरी साहेब स्वतः चढले.

मास्तरांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात मणक्यावरून हळूहळू खाली नेला, जसं काही दुखणं कुठे आहे ते त्यांनाही शोधायचं होतं.

"आला का?"

"आलो, बाबा."

"कोनं आणलं?"

"हिनं."

वहिनींनी डोक्यावर पदर घेतला आणि वाकून नमस्कार केला. म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग अंगणाबाहेर उभ्या गाडीकडे मान केली. "सूनबाई," ते म्हणाले, "गाडी सावलीत घे. उनात उभी आहे बिचारी."

त्यांच्या घरात सुनेचं कौतुक तोंडावर करायची पद्धत नव्हती. वहिनी वळल्या, गाडीकडे गेल्या, आत बसल्या, आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून थोडा वेळ तशाच राहिल्या. मग त्यांनी गाडी चिंचेखाली नेली.

त्यानंतर मास्तर होते तोवर ती गाडी प्रत्येक हिवाळ्यात साकोलीला गेली. साहेबांचं दुखणं गेलं नाही, पण वाढलंही फारसं नाही. डॉक्टर म्हणायचे औषध लागू पडलं. वहिनी त्यावर काही बोलत नसत, आणि हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं. निवृत्तीनंतर दोघं दुर्गला पद्मनाभपूरमध्ये राहायला गेले. तिथल्या घराला त्यांनी बैठकीआधी गाडीसाठी शेड बांधून घेतली.

आमची नागपूरला जायची वेळ आली तेव्हा सामान आधीच ट्रकने गेलं होतं. हे पुढे गेले होते, मी मागून एकटी निघाले. वहिनी आणि साहेब मला स्टेशनवर सोडायला आले. फलाटावर मात्र त्या येईनात. गाडी सुटताना हात हलवत उभं राहणं आपल्याला जमत नाही, म्हणाल्या. बाहेरच माझ्या हातात फुटाण्यांची पुडी कोंबली, दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली, आणि जा म्हणाल्या. साहेब मागच्या खिडकीतून म्हणाले, "नागपुरात खड्डे कमी आहेत, असं आयकतो." मी रडू आवरत पुलाच्या पायऱ्या चढले.

वर पोचल्यावर राहवलं नाही, म्हणून कठड्याशी थांबून खाली पाहिलं. अँबॅसिडर जागेवरच होती, पण वहिनी तिच्यात नव्हत्या. स्टेशनसमोर उभ्या असलेल्या एका ऑटोच्या पुढच्या चाकाशी त्या उकिडव्या बसल्या होत्या. निऱ्या वर खोचलेल्या, केस आता बरेच पांढरे, एक हात चाकाच्या आत कोपरापर्यंत गेलेला. ऑटोवाला त्यांची पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून आज्ञाधारकपणे उभा होता. मी एकदा हाक मारली, ती त्या गलक्यात पोचली नाही. साहेबांनी मांडीवरचं वर्तमानपत्र मिटलं होतं आणि खिडकीवर हनुवटी टेकून ते वहिनींकडे पाहत होते. कसलीही घाई नसलेल्या माणसासारखे.